उत्तर न दिलेला जय भीम

"जय भीम, मंगलाबाई."

केदारेसाहेब कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला टेकून उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र. मंगलाबाई गांगुर्डे डब्याची पिशवी छातीशी धरून त्यांच्यासमोरून गेल्या. थांबल्या नाहीत, मान वळवली नाही आणि उत्तरही दिलं नाही.

वैशाली कॉलनीत चार दिवस नळाला पाणी आलं नाही तरी कुणी फारसं हलत नाही. ही बातमी मात्र मंगलाबाई सातपूरच्या आपल्या कंपनीत पोचायच्या आत घरोघर पोचली. दुधाच्या रांगेतल्या कुसाबाईंनी ती स्वतःच्या कानांनी ऐकली होती. म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं, हीच तर बातमी होती.

इथे जय भीमला जय भीम परत येतोच. सख्खे भाऊ घराच्या भिंतीवरून कोर्टात गेले असले तरी येतो. तोंडात घास असेल तर निदान हात तरी वर होतो. ज्या दोन शब्दांसाठी आजोबा-पणजोबांनी गावात मार खाल्ला, ते शब्द कुणी आपल्याला म्हणावेत आणि आपण ते खाली पडू द्यावेत, असं इथे होत नाही. मंगलाबाईंना हे कुणी शिकवायला नको होतं. त्या बोलायला लागल्या तेव्हा वडिलांनी त्यांना आधी तेवढंच शिकवलं होतं.

पहिली पाळी करून त्या घरी आल्या, तर ओट्यावर सहादू आबा बसलेले. विहारातलं सगळ्यांत जुनं माणूस. कॉलनीतली भांडणं त्यांच्यापर्यंत आली की मिटायची. शेजारी कुसाबाई होत्याच.

"मंगल, खरं का गं?" आबांनी विचारलं.

"खरंय, आबा."

"आपल्या माणसाचा जय भीम नाकारलास?"

"आबा, तो माणूस माझ्या मागं मागं फिरतो. वर्ष होत आलं. कंपनीच्या गेटवर उभा, भाजीबाजारात उभा, दाताच्या डॉक्टरकडं गेले तर तिथं बाकड्यावर बसलेला."

"आन् म्हंतो काय?" कुसाबाईंनी पुढे सरकत विचारलं.

"जय भीम म्हणतो."

कुसाबाईंना हसू आवरेना. "अगं, मग लय बिघडलं का? जय भीमच म्हंतो ना! शिट्टी तर नाय मारत?"

मंगलाबाईंनी चहा टाकला आणि चहाबरोबर निवाडा सुरू झाला. निवाडा केदारेंचा व्हायला हवा होता, पण तो मंगलाबाईंचाच झाला. कुसाबाई म्हणाल्या, पन्नाशीला आलेल्या बाईच्या मागं कोण कशाला लागेल, तुला भास होत असतील. अर्धा कप संपेपर्यंत त्या असंही म्हणाल्या की, आधी तूच हसून उत्तर देत होतीस, त्याला काय वाटणार? म्हणजे मागे लागावं असं मंगलाबाईंच्यात काही नव्हतंच, आणि मागे लावून घेतलं होतं तेही त्यांनीच. या दोन्ही गोष्टी एका कपात कशा मावल्या हे कुसाबाईच जाणोत.

"भला माणूस आहे तो," आबा उठता उठता म्हणाले. "विहाराच्या फरशीच्या वर्गणीला पुढं होऊन उभा राहिला. बायको गेल्यापासून एकटा आहे. तुझंही कुणी नाही. कुणाच्या मनात चांगलं असलं तर त्यात पाप धरू नये. उत्तर देत जा."

सनी, मंगलाबाईंचा मुलगा, आतल्या खोलीत हे सगळं ऐकत होता. जेवताना त्याने ताटाकडे बघत म्हटलं, "आई, तू काम सोडून दे ना आता. मी कमावतोय. पोरं मला विचारतात, नवे पप्पा कधी आणतोय."

"मग तू काय म्हणालास त्यांना?"

सनीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"मागं तो लागलाय, आणि घरी मी बसू?"

मंगलाबाईंचा नवरा गेला तेव्हा सनी तिसरीत होता. तेव्हापासून त्या स्विच जोडायच्या लाइनवर बसत होत्या. त्या लाइनवर त्यांना कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची विधवा म्हणत नसत, गांगुर्डे म्हणत. नव्या मुली स्प्रिंग उडाली की "गांगुर्डे मावशी" अशी हाक मारत. ते काम गेलं असतं तर त्यांच्याकडे स्वतःचं असं काही उरलं नसतं. हे सनीला सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण तो आधीच उठून हात धुवायला गेला होता.

त्या सकाळी उत्तर का दिलं नाही, हे मात्र कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी देवळ्याचं सांगितलं असतं.

देवळ्याला त्यांची बहीण राहते, लंकाबाई. गेल्या रविवारी मंगलाबाई अचानक तिच्याकडे निघाल्या. कुणाला कळवलं नव्हतं. फक्त सनीला बोलल्या होत्या, तेही ओट्यावर उभं राहून. देवळ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरल्या, तर रसवंतीच्या सावलीत पांढरा शर्ट. "जय भीम, मंगलाबाई." सवयीने तोंडातून उत्तर गेलं. मग मागे न बघता त्या स्टँडबाहेर पडल्या. दिवसभर त्या बहिणीच्या कांदाचाळीत खराब कांदे निवडत बसल्या. आपलं तोंड आपलं राहिलं नाही, तो म्हणेल तेव्हा ते उघडतं, याची त्यांना इतकी चीड आली की परतीच्या एसटीत त्यांनी ठरवलं, आता बास.

आबा येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर त्या एकट्याच पोलीस चौकीत गेल्या. टेबलामागे एक तरुण हवालदार बाई होती. तिने नीट बसायला सांगितलं आणि विचारायला लागली.

"शिवीगाळ केली?"

"नाही."

"अंगाला हात लावला? फोन, चिठ्ठी, मेसेज?"

"नाही."

"मग बोलतो तरी काय?"

मंगलाबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "जय भीम म्हणतो."

मागे पंख्याखाली बसलेला एक जण फिसकन हसला. हवालदार बाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो उठून बाहेर गेला.

"मावशी, हसण्यासारखं नाहीये हे. बाईला नको असताना तिच्या मागं फिरणं हाच गुन्हा आहे, हात लावायची वाट बघायची नसते. पण तो उद्या इथं येऊन म्हणेल, मी तर आपल्या समाजात सगळ्यांनाच जय भीम घालतो. मग? तो फक्त तुमच्याच मागं असतो, हे सांगणारं दुसरं कोणी आहे का?"

मंगलाबाई चौकीच्या पायऱ्या उतरल्या आणि मधेच थांबल्या. सगळ्यांनाच? त्यांनी एकेक घर आठवून पाहिलं. मग चालायला लागल्या, जरा जोरातच.

वर्षावास, म्हणजे धम्म ऐकायचे पावसाळ्यातले तीन महिने, सुरू होता. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असे आणि बायका पांढऱ्या साड्या नेसून येत. त्या संध्याकाळी संजना वाचत होती, कॉलेजात जाणारी, स्पष्ट आवाजाची मुलगी. केदारेसाहेब पुढे, खांबाजवळच्या आपल्या खुर्चीत होते. वाचन संपलं, खिरीची भांडी उघडली, आणि सहादू आबांनी हात वर केला.

"एक गोष्ट मिटवून टाकू. मंगल, साहेब इथंच आहेत. सगळ्यांसमोर एकदा जय भीम घाल, म्हणजे विषय संपला."

सगळ्या माना वळल्या. केदारेसाहेबांनी पायावरचा पाय खाली घेतला आणि हसऱ्या चेहऱ्याने वाट बघू लागले. त्या हसण्याने मंगलाबाईंची उरलीसुरली भीती जळून गेली. त्या उठल्या.

"घालते, आबा. त्याआधी थोडं विचारू द्या." त्या कुसाबाईंकडे वळल्या. "कुसाबाई, तुमची भिंत आणि साहेबांची भिंत एक. सकाळी ते तुम्हाला जय भीम घालतात?"

कुसाबाईंनी तोंड उघडलं. "मला? नाय बा. मीच घालते. कधी मान हालवत्यात, कधी तेबी नाय."

"संजना, तुला?"

"मला तर ओळखतसुद्धा नाहीत, मावशी."

"लताबाई, तुमच्या दारावरून तर रोजचं जाणं-येणं."

"कधीच नाही गं," लताबाई म्हणाल्या आणि स्वतःच चमकल्या. "खरंच की. कधीच नाही."

"मला पण नाही," मागून एक आवाज आला. मग आणखी एक. खिरीचा डाव कुणीतरी भांड्यात ठेवून दिला. आबा आपल्या हातांकडे बघत होते.

"मलाही नाही," ते हळूच म्हणाले. "या वयात मीच आधी हात जोडतो."

केदारेसाहेब ताडकन उभे राहिले. "हा काय तमाशा लावलाय? मी सभ्य माणूस आहे. जय भीमच म्हटलं ना? शिवी दिली का मी?"

"शिवी दिली असती तर पहिल्याच दिवशी चप्पल काढली असती," मंगलाबाई म्हणाल्या. "तुम्ही शिवी दिली नाही, म्हणून तर माझं वर्ष गेलं. साहेब, जय भीम सगळ्यांना असतो. तुम्ही तो एकाच बाईला घालता. तिच्या कंपनीच्या गेटवर जाऊन, तिच्या बहिणीच्या गावाला देवळ्याला जाऊन घालता. तो जय भीम नाही. बाबासाहेबांच्या नावामागं लपून तुम्ही माझी वाट अडवता."

"देवळ्याला?" कुसाबाई किंचाळल्याच. "देवळ्याला गेल्ता ह्यो?"

"मी माझ्या कामाने..." केदारेसाहेब म्हणाले. त्यांची नजर दारातल्या चपलांकडे गेली.

"आबा, तुम्ही म्हणालात जय भीम घाल. घालते." मंगलाबाईंनी केदारेंकडे पाठ केली, सगळ्या विहाराकडे तोंड केलं आणि दोन्ही हात जोडले. "जय भीम!"

"जय भीम!"

असं उत्तर त्या विहाराने जयंतीलासुद्धा दिलं नसेल. पोरंसोरं, म्हाताऱ्या, दारात चपलांजवळ उभे असलेले पुरुष, सगळे एकदम ओरडले. मंगलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा ते दोन शब्द त्यांना आपले वाटले. त्या गलक्यात केदारेसाहेब आपल्या चपला शोधत होते आणि कुणीही त्यांना वाट करून देत नव्हतं. त्यांना लोकांच्या कडेकडेने, भिंतीला घासत बाहेर पडावं लागलं.

"चल चौकीत," कुसाबाईंनी पदर खोचला. "मी सांगते त्या मॅडमला. माझ्या जिभेला हाड नाय म्हंत्यात सगळे, आता कामाला येऊ दे ती."

त्या दोघी निघाल्या तर मागून लताबाई आल्या, संजना आली, आणि काठी टेकत आबाही आले. हवालदार बाईने दारातली गर्दी पाहिली, खुर्ची मागे सरकवली आणि लिहायला घेतलं. कुसाबाई एवढं बोलल्या की शेवटी त्यांनाच थांबवावं लागलं. आबांनी एकच वाक्य सांगितलं: "मी हिला उत्तर देत जा म्हणालो होतो, तेही लिहा."

बाहेर सनी मोटारसायकल घेऊन उभा होता. विहारातली बातमी त्याच्यापर्यंत मित्रांकडूनच आली होती.

"पोरांना सांगितलं मी आता," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"आई त्याला पुरून उरली म्हणून." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. मंगलाबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, लाडाचा, पण जोरातच.

केदारेसाहेबांना चौकीत बोलावणं गेलं. पुन्हा मागे दिसलात तर थेट कोर्ट, असं त्यांना बजावलं गेलं, आणि गुन्हा नोंदला गेला तो वेगळाच. कॉलनीत काही जण अजूनही म्हणायचे, बाईने जरा जास्तच केलं. कुसाबाई त्यांच्या घरी चहाला जाऊन बसायच्या. दुसऱ्यांदा तसं कुणी म्हणायचं नाही.

सोमवारी मंगलाबाई पहिल्या पाळीला निघाल्या. आभाळ भरलेलं होतं, दूधवाला आला नव्हता. कोपऱ्यावरचा खांब मोकळा होता. त्या पुढे गेल्या, थांबल्या, मागे आल्या आणि स्वतः त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

तिथून त्यांचं दार दिसत होतं. स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती, दोरीवरचा परकर दिसत होता, ओट्यावर सनीचे बूट दिसत होते. इथून इतकं सगळं दिसतं हे त्यांना माहीत नव्हतं. अंगावर काटा आला आणि हळूहळू बसला. त्या तशाच बघत राहिल्या.

लांबून घर चांगलं दिसत होतं. निळा रंग त्यांनीच निवडला होता, सनीला तो आवडला नव्हता. बस आली, मंगलाबाईंनी ती जाऊ दिली. पुढच्या बसने गेल्या तरी पाळी गाठता येणार होती, आणि आपलं घर त्यांना अजून थोडा वेळ बघायचं होतं.