वैजीनाथचा दुखरा हात

माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातल्या शॉकवेव्हच्या मशीनला आमच्या परभणीत लोक ‘ठोकायचं मशीन’ म्हणतात. मला राग येतो, पण नाव काही खोटं नाही. स्नायू हाडाला धरतो तिथं ते टेकवायचं, दोन हजार ठोके द्यायचे, आणि जुनी दुखापत हळूहळू भरून येते.

वैजीनाथ पूर्णेहून यायचा. रेल्वेत चावीवाला, म्हणजे रूळ जागेवर धरणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकत मैलोन्‌मैल चालायचं. उजवं कोपर पार कामातून गेलं होतं. सोबत बबिता यायची, त्याचा कामावरचा जोडीदार पंडित याची विधवा. वैजीनाथचा हात दुखत होता म्हणून पंडित त्याच्या बदली कामावर गेला आणि धुक्यात गाडीखाली आला. तरी ही बाई दर मंगळवारी त्याला धरून आणायची. मला तिचं फार कौतुक वाटायचं.

तिसऱ्या मंगळवारी मी मशीन बंद केलं, तरी वैजीनाथ मान हलवत ठोके मोजतच राहिला.

“झालं की हो,” मी म्हणाले.

“तुमचं झालं, मॅडम. पंडित अजून हातोडा मारायलाय. हितं, कोपरात.”

मी शिकलीसवरलेली बाई, हसले. त्याच्या कोपरावर बोटं ठेवली आणि झटकन काढून घेतली. आत ठोके पडत होते. नाडीच असणार, असं मी स्वतःला बजावलं. पण दोन ठोके, मग पुढच्या चावीपर्यंत चालायला लागेल एवढा वेळ, मग पुन्हा दोन ठोके, अशी नाडी मी कधी पाहिली नाही.

पाचव्या मंगळवारी त्यानं वजन सहज उचललं.

“बरे झालात,” मी म्हणाले.

त्यानं घाईनं वजन खाली ठेवलं. “वहिनीला सांगू नका. पाया पडतो.”

बबिता दारातच उभी होती. “झाला का नीट?” तिनं मला विचारलं.

मला खोटं बोलवेना. “झाला.”

ती त्याच्यासमोर बसली. “भाऊजी, त्या दिवशी तुमचा हात दुखत न्हवता. आदल्या सांजी माझ्याच दारात लाकडं फोडली तुमी.”

“मागून दुखाय लागला, वहिनी. खरंच.”

“ठाऊक हाय. दुखता हात पुढं केला की मला काई विचारता येत न्हवतं. म्हणून तर बरा करून घेतला. आता सांगा, त्यांना तुमच्या जागी का पाठवलं?”

वैजीनाथनं डाव्या हातानं कोपर दाबलं. पुन्हा जोरात दाबलं. कुठंच दुखत नव्हतं.