टिचबटणाचं होल्स्टर

दुधाच्या बूथवर माझ्या पँटच्या पायातून पिस्तूल खाली पडलं. रविवारची सकाळ होती आणि रांगेत आमच्या कॉलनीतली निम्मी माणसं उभी होती. माझी बायको रमाबाई गेल्यापासून माझं वजन उतरत गेलं, पँटी सैल झाल्या. पट्ट्याला मी खिळ्याने नवी भोकं पाडली होती, तरी तो कमरेवर बसत नव्हता. त्यातच पिस्तूल नुसतं खोचलेलं होतं. ते मांडीवरून घसरलं, गुडघ्याशी थोडं अडलं, आणि मी हात घालेपर्यंत फरशीवर वाजलं.

माझी नात मयुरा शेजारीच होती. पाच वर्षांची. तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"आजोबा, तुमचं पडलं."

तिचं एक बोट चापाच्या अगदी जवळ होतं. रांगेत कोणी हाललं नाही. माझी मुलगी समता मागे पिशवी घेऊन उभी होती. ती पुढे आली, तिने मयुराच्या हातातून ते काढून माझ्या हातात दिलं, पोरीला कडेवर घेतलं आणि दूध न घेताच घराकडे चालायला लागली. दर रविवारी त्या दोघी दिल्लीतल्या द्वारकेहून गाझियाबादला माझ्याकडे यायच्या आणि संध्याकाळची वंदना झाल्यावर परत जायच्या. त्या रविवारी समताने नाश्त्याआधीच बॅग भरली.

"गोळी चेंबरमध्ये नव्हती गं," मी म्हणालो.

"नसेल."

"मग?"

"बाबा, हे असं असेल तर मी मयुराला इथे आणणार नाही. तुम्ही या आमच्याकडे. तुम्हाला कोणी नाही म्हणत नाही."

ती रागावून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

पिस्तूल मी निवृत्त झाल्यावर घेतलं. आम्ही इथे प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा आजूबाजूला उसाची शेतं होती, रस्त्यावर दिवे नव्हते आणि चोऱ्या व्हायच्या. शेजाऱ्यांनी परवाने काढले, मीही काढला. रमाबाईला ते पटलं नाही. रोज पंचशील म्हणायचं आणि कपाटात हे ठेवायचं, असं ती एकदाच म्हणाली. मग तिने आपल्या जुन्या पांढऱ्या साडीची पिशवी शिवली. बुद्धपौर्णिमेला नेसायची ती साडी. पिस्तूल त्या पिशवीत घालून तिने नाडीला गाठी मारल्या आणि ते ट्रंकेत तळाशी ठेवलं.

"गाठी कशाला इतक्या?"

"तुम्हाला सुटत नाहीत म्हणून," ती म्हणाली.

खरंच सुटत नव्हत्या. वर्षातून एकदा तेल द्यायचं असलं की मी पिशवी तिच्याकडेच न्यायचो.

ती गेल्यावर मी कात्रीने नाडी कापली. भीती वाटत होती म्हणून कापली असं सांगता आलं असतं, पण भीती मला फारशी वाटत नव्हती. कॉलनीत सगळ्यांना ओळखायची ती. मी फक्त तिच्याबरोबर असायचो. ती गेल्यावर लोक लांबूनच नमस्ते करून पुढे जायला लागले. मग एका संध्याकाळी पार्कच्या बाकावर बसताना माझा शर्ट वर झाला आणि कॉलनीतल्या त्यागीजींनी कमरेला खोचलेलं पिस्तूल पाहिलं. ते सरकून बसले आणि हात धरून त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"हम तो पहले ही कहते थे, राव साहब हैं, हथियार तो होगा ही."

माझं नाव रावसाहेब आहे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव, दुसरं काही नाही. त्यागीजींना वाटलं, मी कुठला तरी जमीनदार घराण्यातला. रमाबाई असती तर तिने तिथेच सांगितलं असतं की आम्ही नागपूरचे बौद्ध, आमच्या घरात जमीन नव्हती की बंदूक नव्हती. मी हसलो आणि बसलो. त्या दिवसापासून मी रोज पिस्तूल लावायला लागलो.

आणि मी काय काम करत होतो? सरकारी खात्यात कातडी मालाची तपासणी. कानपूरहून, आग्र्याहून माल यायचा. बूट, पट्टे, पिस्तूल ठेवायचं होल्स्टर. माझा शिक्का बसल्याशिवाय तो फौजेला जात नसे. ढिल्या होल्स्टरचे ढीगच्या ढीग मी परत पाठवले होते. आणि पिस्तूल नाडीच्या पायजम्यात किल्ली खोचावी तसं खोचून मी दूध आणायला गेलो.

समताच्या बोलण्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ काढला. पिस्तूल पडलं म्हणून ती घाबरली. ते पडणार नाही अशी व्यवस्था केली की काम झालं.

घंटाघराजवळच्या बंदुकीच्या दुकानात मी परवाना आणि पिस्तूल घेऊन गेलो. दुकानदाराने ते रिकामं करून पुन्हा तपासलं आणि काउंटरवर होल्स्टर मांडायला लागला. पहिलं मऊ होतं, मेंढीच्या कातड्याचं, वर सोनेरी घोडा छापलेला.

"यह खूब चलता है बाबूजी. शादी-ब्याह में."

"इसका मुँह बंद हो जाता है," मी म्हणालो. पिस्तूल बाहेर काढलं की मऊ कातड्याचं तोंड मिटतं. परत घालताना ती दुमडलेली कड चापात अडकली की गोळी सुटते. दुसऱ्यात चाप अर्धा उघडा राहत होता. तिसरं कुठल्याही पिस्तुलाला बसतं असं तो म्हणाला, म्हणजे माझ्या पिस्तुलाला ते बसणार नव्हतं. मला मजा यायला लागली होती. रमाबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच मला एखाद्या गोष्टीतलं सगळं माहीत होतं.

"आप फौज में थे?"

"फौज का माल देखता था."

"तभी," तो म्हणाला आणि आतून एक खोकं घेऊन आला.

ते होल्स्टर म्हशीच्या जाड कातड्याचं होतं. चाप पूर्ण झाकला जात होता. तोंड ताठ होतं. टाके मेणाच्या दोऱ्याचे, दुहेरी. वरून एक पट्टी यायची आणि ती टिचबटणाने बंद व्हायची. मी रिकामं पिस्तूल त्यात बसवलं, पट्टी लावली, उलटं धरलं आणि जोरात हलवलं. हाललंसुद्धा नाही. पट्टी सोडून पुन्हा उलटं धरलं, तरी ते आपल्या पकडीनेच राहिलं. त्याच्याबरोबर मी रुंद पट्टाही घेतला. तो घालून आरशात पाहिलं तर पँट बऱ्याच दिवसांनी जागेवर बसली होती. मी तपासणीच्या टेबलावर असतो तर शिक्का मारला असता.

पुढच्या रविवारी मीच द्वारकेला गेलो. पिस्तूल घरी कपाटात कुलपात ठेवलं, कारण माझा परवाना उत्तर प्रदेशापुरता आहे आणि दिल्लीच्या हद्दीत ते नेणं गुन्हा. रिकामं होल्स्टर वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. समताच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला होता, जावई बुद्धभूषण बादल्या वर आणून ठेवत होते.

चहा झाल्यावर मी होल्स्टर टेबलावर ठेवलं आणि समजावून सांगायला लागलो. चाप कसा झाकला जातो, तोंड ताठ का हवं, एका इंचात टाके किती. समता पोळ्या करता करता ऐकत होती.

"म्हणजे आता पडणार नाही," मी म्हणालो.

"बाबांनी पास केलंय म्हणजे रणगाड्याखाली घातलं तरी चालेल," बुद्धभूषण म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो," समता त्यांना म्हणाली, पण ती थोडी हसली होती. मला वाटलं, जमलं.

मयुरा खुर्चीवर चढून होल्स्टर बघत होती. तिने पट्टीखाली अंगठा घातला आणि वर केला. टिच.

"माझ्या बाटलीच्या पिशवीला पण अस्संच आहे," ती म्हणाली. तिने बटण लावलं, पुन्हा उघडलं. टिच. मग लावायचं, उघडायचं, लावायचं असा तिचा खेळच सुरू झाला. तिला जोर लावावा लागत नव्हता. तिचं लक्षसुद्धा त्यात नव्हतं, ती खिडकीतून टँकरकडे बघत होती.

मी तिचा अंगठा बघत राहिलो. टाके मोजणारा मी, माझ्या मनात हे एकदाही आलं नव्हतं. आमच्या तपासणीत होल्स्टर सैनिकाच्या कमरेला असायचं. लहान मूल जिथे राहतं त्या घरातल्या खुंटीला ते कधी नसायचं.

समताने गॅस बारीक केला. ती काही म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं, काहीतरी सापडलंच असतं. ती आली, मयुराच्या हातातून होल्स्टर हळूच घेतलं, बटण लावलं आणि वर्तमानपत्रात परत गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवलं.

"जेवायला बसा बाबा."

मला मान वर करून जेवता आलं नाही. मयुरा म्हणत होती, आजोबांनी भाजी टाकली.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंकेतून रमाबाईची पिशवी काढली. नाडीचे कापलेले तुकडे आतच होते. ते एकमेकांना जोडले, पिस्तूल आत घातलं आणि जमतील तितक्या गाठी मारल्या. पिशवी घंटाघराजवळच्या त्याच दुकानात नेली, तर दुकानदाराला त्या सोडवताना घाम फुटला.

"बाबूजी, जमा क्यों कर रहे हो? होल्स्टर में कोई कमी?"

"नहीं. होल्स्टर ठीक है."

त्याने पिस्तूल जमा करून पावती दिली. पिशवी मी परत मागून घेतली. घरी येऊन समताला फोन केला.

"दुकानात जमा केलं. विकायचा अर्जही देतो."

पलीकडे तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"समता?"

"ऐकतेय. रविवारी येतो आम्ही. वांगी आणू नका, मयुरा खात नाही."

त्या आठवड्यात मी पार्कमध्ये गेलो तेव्हा त्यागीजींनी माझ्या कमरेकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "राव साहब, आज खाली?"

"जमा कर दिया," मी म्हणालो. "और राव साहब मेरा नाम है, त्यागीजी. हम लोग नागपुर के बौद्ध हैं."

"अच्छा," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "अच्छा, अच्छा." वाईट काही बोलले नाहीत. फक्त बाकावर आधी सरकून द्यायचे तेवढी जागा त्यांनी दिली नाही. मी जरा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.

रविवारी सकाळी मयुरा माझं बोट धरून दूध आणायला आली. समता तिला पाठवेल की नाही, हे ती चपला घालेपर्यंत मला माहीत नव्हतं. नवा पट्टा घट्ट होता, त्याला काही लटकलेलं नव्हतं. बूथवर तीच माणसं होती. दोघातिघांनी माझ्या पँटकडे पाहिलं. एक बाई आपल्या मुलाला जवळ ओढून उभी राहिली.

"आजोबा, आपण पुढे जायचं ना?" मयुराने विचारलं. मी पिस्तूल लावायचो तेव्हा लोक मला पुढे जाऊ द्यायचे, ते तिच्या लक्षात होतं.

"नाही," मी म्हणालो, आणि आम्ही रांगेत शेवटी उभे राहिलो.