गव्हर्नरांनी पूल उडवला त्या दिवशी

जनरल आक्सेल रूसेनहेल्म आमच्या प्रांताचे गव्हर्नर होऊन आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला फारसं कुणी गेलं नाही. रशियाशी झालेल्या लढाईत माघार घेताना त्यांनी एक पूल जाळला होता, आणि त्यांचीच एक तुकडी पलीकडे अडकून मारली गेली होती. तिच्यात आमच्या गावची माणसं होती. माझ्या शेजारणीचा, ब्रिटाचा नवराही.

दुसऱ्या वसंतात नदीचा बर्फ फुटला. मोठमोठे तुकडे आमच्या गावच्या लाकडी पुलाच्या खांबांना अडकून बसले. पाणी तुंबलं आणि खालच्या आळीत घरांमध्ये शिरलं. गव्हर्नरांनी खांबांना बंदुकीच्या दारूची पिंपं बांधायला लावली आणि पूल रिकामा करायचा हुकूम दिला.

सगळे उतरले. ब्रिटा मधोमध कठड्याला धरून उभी राहिली.

शिपाई तिला ओढून आणायला निघाले. गव्हर्नरांनी त्यांना थांबवलं आणि स्वतःच पुलावर चढले. खाली बर्फ कडाकड वाजत होता, फळ्या हलत होत्या. आम्ही काठावर श्वास रोखून उभे.

"बाई, खाली चला. पूल आता कुठल्याही क्षणी आपसूक तुटेल."

"उडवा की, जनरलसाहेब. माणसं मरणार असली तरी पूल पाडायची सवय आहे तुम्हाला."

ते आणखी दोन पावलं पुढे आले.

"एकच सांगा," ती म्हणाली. "आमची माणसं पलीकडे आहेत, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

एक खांब मोडला. पूल एका अंगाला कलला. काठावरून कप्तान त्यांना हाका मारू लागला. गव्हर्नरांनी वळूनही पाहिलं नाही.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "आवाज ऐकू येत होते. तरी मीच हुकूम दिला."

ब्रिटाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कठडा सोडला आणि काठाकडे चालू लागली. ते तिच्या मागून आले. दोघं उतरताच वात पेटवली.

पूल गेला, बर्फ वाहून गेला, खालची आळी वाचली. पुढे कित्येक वर्षं आम्ही होडीनेच नदी ओलांडली आणि त्यासाठी गव्हर्नरांना शिव्याही घातल्या.

उन्हाळ्यात ते एकटेच ब्रिटाच्या अंगणात आले. तिने त्यांना बसा म्हटलं नाही. "तो पूल जाळलात, त्या दिवसाचं सगळं सांगा," एवढंच म्हणाली. गाईंची धार काढायची वेळ झाली, तरी ते टोपी हातात धरून उभ्याउभ्या सांगतच होते.