भिंतीवरचं परमनंट सर्टिफिकेट

मित्रांनो, कोहका वस्तीत सुखरामजींच्या बैठकीत शिरलात की समोर सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये दिसतं ना, ते जुनं सर्टिफिकेट म्हणजे मीच. माझ्यावर त्यांच्या मुलीचं, दिपालीचं नाव आहे. दवाखान्यात प्रत्येक आजाराला एक कोड लावतात; तो बरोबर असला तरच विम्याचं बिल पास होतं. हे काम तिला येतं, असं माझ्यावर छापलंय.

मला घरी आणलं त्या दिवशी सुखरामजींनी गल्लीभर पेढे वाटले आणि मला बाबासाहेबांच्या फोटोशेजारी टांगलं. काय थाट होता माझा! पाहुण्यांना पाण्याआधी मला दाखवायचे.

यंदा मात्र कोडच बदलले.

"बाबा, मले नवी परीक्षा द्या लागते," दिपाली म्हणाली. "नाही तर हे सर्टिफिकेट रद्द होते."

सुखरामजींचा चेहरा उतरला. "कावून? पास झाली ना एकदा? मी प्लांटात परमनंट झालो, माही कोणी पुन्हा परीक्षा घेतली काय?"

अहो, मी म्हणजे कारखान्यातली कायमची नोकरी नव्हे! पण काचेआडून माझं कोण ऐकणार?

दिपालीनं तरी अभ्यास केला. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत कॉम्प्युटरवर परीक्षा द्यायची, तीच शेवटची संधी. आणि नेमका त्याच दुपारी विहारात समाजाच्या गुणवंत मुलांचा सत्कार! सुखरामजींनी मला खिळ्यावरून उतरवलं, पुसलं आणि बगलेत धरलं.

"बाबा, आज माही परीक्षा हाय."

"अवं, अर्ध्या घंट्याचं काम हाय. लोक तुह्यासाठी जमून राहिले, त्यांले नाही कसं म्हणू?"

स्टेजवर मी तिच्या मांडीवर. एक वक्ता बसला की दुसरा उठायचा, आणि जो तो शिक्षणाचं महत्त्व सांगायचा! ती उठू लागली की वडील डोळ्यांनीच बसवायचे. तिच्या घामेजल्या बोटांचे ठसे माझ्या काचेवर उमटत होते. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पोरी, मला टाक इथेच आणि पळ! पण कागदाला कुठलं तोंड? पाच वाजले तेव्हा टाळ्या चालू होत्या.

सोमवारी ती भरदुपारीच घरी आली.

"दवाखानेवाले 'पुराना नहीं चलेगा' बोले, बाबा. कामावरून काढलं मले."

सुखरामजींनी भिंतीवर माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "उतरवू काय याले?" ती आत निघून गेली; मी अजून त्याच खिळ्यावर आहे.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या कागदांचं कौतुक जरूर करा, पण त्यावर जिचं नाव आहे ती परीक्षेला निघाली असेल, तर तिला आधी जाऊ द्या. सत्कार पुढच्या रविवारीही करता येतो.