गॅस वाढला

मी गॅसचा सिलिंडर बोलतोय. आवाज घुमल्यासारखा येत असेल, तर पोट रिकामं आहे म्हणून. भरलेले असतो तेव्हा आम्ही बोलत नाही.

पोलादी पत्र्याच्या दोन खोलगट वाट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या, तसा माझा जन्म झाला. लाल रंग मिळाला, कडीखालच्या पट्टीवर आकडे ठोकले गेले. पहिल्यांदा पोटात गॅस शिरला तेव्हा अंग गार पडलं. जमिनीच्या पोटात लाखो वर्षं दबून बसलेली ती वस्तू. तिला बाहेर काढून, दाबून तिचं पाणी करतात आणि जहाजात भरून समुद्रावरून आणतात. हे कळलं तेव्हा मला भीतीच वाटली. एवढी जुनी वस्तू, आणि तिच्यावर लोक चहा करतात!

आमच्या जातीला घर नसतं. भरून जातो, रिकामे होऊन निघतो, पुन्हा ते दार दिसेलच असं नाही. पण हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या एका घरात मी साडेतीन महिने राहिलो. साल एकोणीसशे नव्वद. घर कोर्टातून पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढचे कागद सांभाळणारे कारकून, म्हणून निवृत्त झालेल्या एकनाथरावांचं. घरात त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई आणि सून रेणू. मुलगा उदय कुवेतला होता. तिथल्या बंदरात गॅस जहाजात भरायच्या कारखान्यात तो काम करायचा.

मी आलो त्या दिवशी इंदुमतीबाईंनी मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि शेजारच्या तारामतीबाईंना सांगितलं, "हा आमच्या उदयनं भरलेला गॅस."

"हौ का? मग आमच्या घरचा काय दुसऱ्या कोणाच्या उदयनं भरला?" तारामतीबाई म्हणाल्या. दोघी हसल्या.

खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. थोडा गॅस आपल्याच देशातला, थोडा जहाजातून आलेला. मोठ्या टाकीत सगळा एक होतो. पण बाई तसं म्हणाल्या की मी जरा ताठ उभा राहायचो.

मग ऑगस्ट उजाडला. इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरल्याची बातमी रेडिओनं सांगितली. उदयची पत्रं बंद झाली, फोन लागेना. एकनाथरावांनी उदयच्या शाळेच्या दिवसांतला नकाशा काढला आणि स्वयंपाकघरात माझ्याशेजारी जमिनीवर पसरला. त्यांनी कुवेतवर अंगठा ठेवला, करंगळी ताणून हैदराबादवर टेकवली.

"एक वीतभर अंतर आहे," ते म्हणाले.

मी त्या वितीकडे बघत राहिलो. तेवढ्या वाटेनं आपल्या देशाची चूल, मोटार, कारखाना, सगळं चालत होतं. तिथं एका देशानं दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं आणि इथं गॅसची नवी टाकी तीन दिवसांऐवजी चाळीस दिवसांनी मिळू लागली. एवढा मोठा आपला देश, आणि त्याची ज्योत दुसऱ्याच्या हातात! माझ्या छोट्याशा डोक्यात ते मावेना.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दूध तापत असताना माझी ज्योत पिवळी झाली, फडफडली आणि विझली.

इंदुमतीबाईंनी शेगडीची कळ बंद केली. मग म्हणाल्या, "रेणू, गॅस वाढला गं."

रेणू तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, मराठी वाचताना अडखळणारी. तिनं बाहेरून विचारलं, "किती रुपयांनी, आई?"

एरवी बाई हसल्या असत्या. त्या हसल्या नाहीत. तांदूळ संपले तरी 'वाढले' म्हणायचं, बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं, ही जुनी रीत. पण त्या दिवशी ती नुसती रीत नव्हती. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "उदय येईपर्यंत या घरात कोणी 'संपला' म्हणायचं नाही. 'रिकामा' पण नाही. बाहेरसुद्धा नाही. अहो, तुम्ही पण."

"नाही म्हणणार," एकनाथराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षात मला पायांशी धरून ते अंबरपेठच्या गॅस एजन्सीत गेले. मोठी रांग होती. खिडकीमागे महबूबभाई वही घेऊन बसले होते.

"हौ चचा, बोलो."

एकनाथराव घुटमळले. मग मराठीतलं तसंच उचलून त्यांनी हिंदीत ठेवलं, "गॅस बढ गया."

"क्या हुआ?"

"बढ गया."

महबूबभाईंनी पेन खाली ठेवलं. "चचा, पूरे मुलुक में गॅस घट री. तुमारे इच घर में कैसे बढ गई?"

रांगेतून कोणी ओरडलं, "थोडी हमकू बी देव, चचा!" सगळे हसले.

"खाली है तो खाली बोलो ना. तब इच नंबर लगता."

एकनाथरावांचे कान लाल झाले. तीस वर्षं कोर्टात ते लोकांच्या जबान्या वाचत आले होते. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर नंबर लागला असता. ते बोलले नाहीत. वाकून त्यांनी माझी कडी धरली आणि मला उचलायला लागले.

"अरे, कां जा रै?"

"मेरा लडका कुवेत में है," एकनाथराव खाली बघत म्हणाले. "चौंतीस दिन से खबर नहीं. उसकी माँ ने वो लफ्ज घर में बंद कर दिया."

 महबूबभाई खिडकीतून पुढं वाकले.

"मेरा छोटा भाई बी उधर इच है," ते म्हणाले. "टॅक्सी चलाता." मग वही जवळ ओढली. "हमारी अम्मी बी चिराग बुझाव नै बोलते. चिराग बढाव, बोलते." आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "नल्लकुंटा... एकनाथराव... गॅस बढ गई."

या वेळी कोणी हसलं नाही. मी पोलादाचा आहे, पण तेव्हा माझ्या आत काहीतरी घुमलं.

नंबर लागला, मी तसाच घरी परतलो, पण नवी टाकी येईना. वातीच्या स्टोव्हवर स्वयंपाक चालला. भिंती काळ्या झाल्या. इंदुमतीबाई मला मात्र रोज पुसायच्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका दुपारी फाटक वाजलं. उदय दारात उभा होता. हातात एक पिशवी, दाढी वाढलेली. वाळवंटातून जॉर्डनपर्यंत, तिथून विमानानं मुंबई, मग रेल्वे. इंदुमतीबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या. रॉकेलही नेमकं त्याच सकाळी वाढलेलं.

"गॅस वाढला रे," त्या म्हणाल्या. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं.

उदय माझ्याजवळ बसला. मला दोन्ही हातांनी किंचित हलवलं आणि कान लावून ऐकलं. असा कान मला आजवर कोणी लावला नव्हता. "रेणू, परातीत कोमट पाणी आण," तो म्हणाला. "गॅसचा जड भाग तळाशी राहतो कधी कधी."

त्यानं मला परातीत उभं केलं. ऊब तळातून वर चढली. रेणूनं नळी जोडून काडी ओढली. निळी ज्योत आली! बारीक, पण स्थिर. चार कप चहा होईपर्यंत ती टिकली.

"बघा," डोळे पुसत इंदुमतीबाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं, वाढला म्हणून?"

आठ दिवसांनी नवी टाकी आली. उदयनं स्वतः मला फाटकापर्यंत नेलं. महबूबभाईंचा भाऊ परतला की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

पुढच्या वर्षी देशानं परदेशी व्यापाराला आपली दारं उघडली. ट्रकवरून जाताना मला नवे कारखाने दिसायचे, औषधांचे, काचेचे. गोदावरीच्या मुखाशी आपला गॅस निघतो असं लोक बोलायचे. पण आग सगळ्यांनाच हवी होती, आणि जहाजं येतच राहिली.

आता माझी मुदत उलटली आहे. झडप काढली, रंग पोपडला. उद्या मला भट्टीत घालतील. ती भट्टी कशावर चालते कोण जाणे. गॅसवर असेल तर तोही वीतभर दुरून, कोणाच्या तरी उदयच्या हातून आला असेल.

शेगडी पेटवताना त्याची एकदा आठवण काढा. आणि माझ्याबद्दल कोणी विचारलं, तर तो शब्द वापरू नका. इंदुमतीबाई म्हणायच्या तसं म्हणा.