मुळातलं लाल

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका शेताच्या बांधावर येऊन उभे राहा. सकाळची वेळ आहे. बांधावर शंभरेक माणसं जमली आहेत, पण आवाज कुणाचाच नाही. डावीकडे मका, उजवीकडे मका, सगळा कावीळ झाल्यासारखा पिवळा. मधोमध मात्र एकच तुकडा आहे चवळीचा, हिरवागार. इतका हिरवा, की बघणाऱ्याला भीती वाटावी. आणि गर्दीच्या पुढे आपल्या आत्याच्या पाठीमागे दडून, तिचा हात घट्ट धरून, तुमच्याच वयाची एक मुलगी उभी आहे. तिला सगळे बिट्टी म्हणतात. ती चवळी तिच्या आत्याची.

दिसलं? आता भीती वाटली तरी डोळे उघडू नका.

शेतात एक दाढीवाला माणूस फिरत होता. झाडाचं मूळ पाहून घराची पीडा ओळखतो, अशी त्याची ख्याती. मोठी माणसं त्याला मुळेमहाराज म्हणून हात जोडत. पोरं पाठीमागे त्याला ‘मूळव्याध’ म्हणत. त्या सकाळी पोरंही हसत नव्हती.

महाराजानं डावीकडचा मका उपटला. माती झटकली. “पाहा! पांढरंशुभ्र, निष्पाप मूळ!” मग उजवीकडचा उपटला. “हेही निष्पाप!” मागच्या शेतातला उपटला. तोही निष्पाप. मग तो चवळीत शिरला, दोन-तीन झाडं न्याहाळून त्यानं त्यातलं एक निवडलं आणि खस्सकन ओढलं.

मुळांवर गाठी होत्या. वाटाण्याएवढ्या, मण्यांसारख्या चिकटलेल्या. महाराजानं त्यातली एक दोन नखांत धरली, डोळे पांढरे केले आणि चिरडली. त्याची बोटं लाल झाली.

“रक्त!” तो ओरडला. गर्दी दोन पावलं मागे सरली. “तुमच्या मक्याचं रक्त! मका पिवळा का पडला विचारता? रक्त प्यायल्यावर पिवळा नाही पडणार, तर काय गुलाबी होणार? या बाईनं बियांवर करणी केली. मुळांना तोंडं फुटली. एकशे आठ तोंडं!”

“मोजली कधी?” मागून कुणीतरी पुटपुटलं. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

“मी पाहिलंय!” गिरणीवाले काका पुढे आले. त्यांचा मका सगळ्यांत पिवळा होता आणि महाराजाला बोलावून आणणारेही तेच. “गिरणीच्या खिडकीतून पाहिलं. ही आणि ही पोर, ओट्यावर बसून बियांना काळी पूड चोळत होत्या. चारी हात काळे!”

महाराजानं निकाल दिला. उद्या सकाळी सगळी चवळी उपटून जाळायची. बाईनं घर सोडून जायचं. “नाहीतर ज्या हातांनी पूड चोळली, त्या हातांतलं रक्त ही मुळं आधी मागतील.”

बिट्टीनं आत्याच्या हातातून आपला हात काढून घेतला.

घरी येऊन तिनं हात धुतले. साबणानं धुतले, मग घासणीनं घासले, पार लालभडक होईपर्यंत. आत्या ट्रंकेत कपडे भरत होती. एकाच लुगड्याची तिनं तीन वेळा घडी घातली.

“आत्या, आपण काय केलं गं?”

“काय केलं? दुकानातून पुडी आणली. बियांना चोळा, पीक जोमदार येतं, म्हणाला दुकानदार. गुळाच्या पाण्यात कालवली आणि चोळली. तूच तर होतीस.”

“पण पुडीत होतं काय?”

आत्या ट्रंकेच्या कडेवर बसली. तिला वाचता येत नव्हतं. “मला कुठलं कळायला? बिट्टे, माझ्या हातून नकळत काही वाईट तर नसेल ना गं झालं?”

इतका वेळ बिट्टीला महाराजाची भीती वाटत होती. आता आत्याची वाटू लागली. आत्यालाच खात्री नाही, म्हणजे काय समजायचं?

फळीवरच्या डब्यात रिकामी पुडी होती. बिट्टीनं ती चिमट्यानं धरून उजेडात नेली आणि वाचली. ‘जिवाणू खत. शेंगवर्गीय पिकांसाठी. प्रत्येक चिमटीत कोट्यवधी जिवंत जिवाणू.’

जिवंत! कोट्यवधी! आणि ते तिच्या नखांत, बोटांत, कोपरापर्यंत माखले होते. तिनं पुडी फडक्यात बांधली, धीर करून शेतातून महाराजानं उपटलेलं चवळीचं झाड त्याच फडक्यात घेतलं आणि दवाखान्याकडे धूम ठोकली.

डॉक्टरीणबाई टेबल पुसत होत्या.

“बाई, मी मरणार आहे.”

“असं? कधी?”

“उद्या.”

“मग आज वेळ आहे. बस.”

बिट्टीनं सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुडी वाचली, मुळं भिंगाखाली धरली आणि विचारलं, “हे रक्त आहे असं कोण म्हणतं?”

“सगळे.”

“सगळ्यांचं राहू दे. आपण बघू. बोट दे तुझं.”

सुई टोचली. बिट्टीच्या रक्ताचा थेंब एका काचेवर, गाठीतला लाल रस दुसऱ्या काचेवर. बाईंनी दोन्ही काचा सूक्ष्मदर्शकाखाली आळीपाळीनं ठेवल्या. पहिलीत बिट्टीला चपट्या गोल टिकल्याच टिकल्या दिसल्या.

“या तुझ्या रक्तातल्या पेशी. आता दुसरी बघ. टिकल्या दिसतात?”

“एकही नाही. बारीक काड्या आहेत. काही गलोलीच्या बेचक्यासारख्या.” बिट्टीनं डोळा बाजूला घेतला. “हेच का ते कोट्यवधी?”

“हेच.”

“चावतात?”

“अगं, यांना तोंडच नाही! मातीत राहतात. चवळीच्या मुळात शिरतात, मग मूळ त्यांच्यासाठी गाठीचं घर बांधतं. चवळी त्यांना साखर देते. ते काय देतात? हवेत नत्र नावाचा वायू भरपूर आहे. झाडाला नत्राशिवाय हिरवं होता येत नाही, पण हवेतलं नत्र त्याला थेट घेता येत नाही. पुढ्यात पंगत, पण तोंड बांधलेलं! हे जिवाणू त्या नत्राचं झाडाला पचेल असं अन्न करून देतात.”

“मग लाल का?”

“आपल्या रक्तात प्राणवायू धरून ठेवणारं एक लाल द्रव्य असतं. गाठीत त्याचंच चुलत भावंड असतं. या जिवाणूंना श्वासापुरता प्राणवायू हवा, जास्त झाला तर त्यांचं काम बिघडतं. म्हणून ते द्रव्य प्राणवायू मोजूनमापून पोचवतं. गाठ आतून लाल असली, तर काम जोरात चालू आहे असं समजायचं.”

“आणि मक्याला गाठी का नव्हत्या?”

“मक्याच्या मुळांत अशी घरं होतच नाहीत. चवळी, घेवडा, वाटाणा, भुईमूग, अशा शेंगवाल्यांकडेच ती असतात. मका मातीतलंच नत्र खातो. वर्षानुवर्षं मकाच लावला, की माती रिकामी होते आणि मका पिवळा पडतो.”

बिट्टीनं चवळीचं मूळ उलटसुलट करून पाहिलं. मग एकदम म्हणाली, “बाई! त्यांनी दुसऱ्यांकडे मका उपटला आणि आमच्याकडे चवळी. शेंगेशी शेंग ताडून पाहिलीच नाही!”

“हे मी नाही हं सांगितलं,” बाई म्हणाल्या. “उद्या येते मी.”

दुसऱ्या दिवशी माणसं विळे घेऊन आली. आत्या ट्रंक घेऊन बांधालगतच्या घराच्या दारात उभी होती, मान खाली. महाराज चवळीत पाऊल टाकणार, तोच बिट्टी आडवी आली.

“महाराज, आधी तो घेवडा उपटा.” तिनं गिरणीच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथं गिरणीवाल्या काकूंचा घेवड्याचा वेल चढला होता.

“त्याची गरज नाही,” महाराज म्हणाला. “ते घर शुद्ध आहे.”

“मग मूळही शुद्ध असेल. दाखवा ना.”

“पोरी, शापाशी खेळतेस!”

“इश्श, वेल माझा आहे,” काकू म्हणाल्या. “शापबिप कसला? एक वेल गेला तर जाऊ दे, पण आमचं घर शुद्ध आहे, हे तर सगळ्यांना दिसेल.” आणि त्यांनी सरळ वेल उपटला.

मुळांवर गाठी होत्या. काकूंनी एक चिरडली. बोट लाल झालं.

कुणीतरी किंकाळी फोडली. शेजारी उभी असलेली बाई काकूंपासून झटकन लांब झाली. आणि हे नीट ऐका, बाळांनो: भीतीला एकाच क्षणात नवीन माणूस मिळाला. काकू पांढऱ्याफटक पडल्या. “अहो, मी काही नाही केलं! याच्या शेंगा तर तुम्ही सगळे माझ्याकडून मागून नेता!”

“नेताच,” डॉक्टरीणबाई गर्दीतून वाट काढत म्हणाल्या, “आणि खाऊन ठणठणीत आहात.” मग त्यांनी बिट्टीला सांगितलं ते सगळं सगळ्यांना सांगितलं, सावकाश, दोन्ही मुळं हातात धरून. काकूंनी पूड चोळली नव्हती, तरी गाठी आल्या, कारण हे जिवाणू मातीत असतातच. पुडीनं ते बियाण्याजवळ भरपूर पोचतात, एवढंच. शेवटी त्या वळल्या. “महाराज, मुळं वाचण्यात तुमची हयात गेली. शेंगेच्या मुळाला गाठी असतात, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

महाराज म्हणाला, “ही विद्या अशी भर उन्हात सांगायची नसते.” आणि झोळी उचलून चालू लागला. जरा भरभरच.

त्यानं बोटांत काही लपवलं नव्हतं, बरं का. हातचलाखी नव्हतीच, होती ती निवडचलाखी. काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं. उरलेलं काम लोकांच्या भीतीनं केलं. म्हणून कुणी तुम्हाला घाबरवणारं काही दाखवलं, तर त्यानं काय दाखवलं नाही, तेही मागा. भीती वाटली तर वाटू दे, तिची लाज नको. फक्त भीतीच्या सांगण्यावरून कुणाचं घर मोडू नका.

माणसांनी विळे खाली ठेवले. माफी कुणी मागितली नाही. डॉक्टरीणबाई चवळीत उभ्या राहून एकेकाला बोलावू लागल्या, या, स्वतः उपटून बघा. काही जण गेले. गिरणीवाले काका मात्र बांधावरच थांबले. त्यांनी एक पाय उचलला आणि परत मागे घेतला.

“डोक्याला पटलंय गं,” ते बिट्टीला हळूच म्हणाले. “पाय ऐकत नाहीत.”

बिट्टीनं त्यांच्याकडे पाहिलं. याच माणसानं काल सगळ्यांसमोर तिच्या हातांवर आळ घेतला होता. मग तिनं दारात उभ्या असलेल्या आत्याला हाक मारली, ती येईपर्यंत थांबली, एका हातात आत्याचा हात घेतला, दुसऱ्या हातात काकांचं बोट धरलं, आणि दोघांना घेऊन चवळीत उतरली.