तान्ह्यांच्या जागेचा गडगा

मी एक जुना गडगा आहे. माले गावाच्या वरच्या अंगाला, रस्ता सोडून थोडे चढून आलात की उतारावर मी दिसतो. मित्रांनो, गडगा म्हणजे दगडावर दगड रचून केलेली बुटकी भिंत. माझ्यात चुना नाही, सिमेंट नाही. एका दगडाने दुसऱ्याला धरून राहायचे, एवढाच माझा आधार. आज मी तुमच्याशी बोलतो आहे खरा, पण मला फार लाज वाटते आहे.

माझ्या आत गावाची एक लहानशी जागा आहे. आमच्याकडे तान्हे बाळ गेले तर त्याला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. पूर्वी दवाखाना लांब होता, पावसाळ्यात ओढे भरले की वाटच बंद होई. बाळे जात. म्हणून गावातल्या माणसांनी घराघरातून दगड आणून मला रचले. कोल्ह्यांनी माती उकरू नये, गुरांनी वर पाय देऊ नये, हे माझे काम. आणखी एक काम होते, ते मला कुणी सांगितले नव्हते. सरपणाचे निमित्त करून आया इथे येत, माझ्या आडोशाला बसत आणि रडून घरी जात.

आत कोयता चालत नसे, म्हणून हवे ते उगवे. फाल्गुनात अंजनीला निळा बहर येई. पावसाळ्यात कळलावी माझ्या अंगावर चढे. माझ्या फटींत नेचे होते, सापसुरळ्या होत्या आणि मुंगसाचे एक घर होते. जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राही. गावातले म्हातारे मला थोपटून म्हणत, "रेड्यानं टक्कर दिली तरी हलायचा न्हाई ह्यो."

त्या काळी चंद्राबाई नावाची एक तरुण बाई इथे येत असे. तिची पहिली मुलगी बारशाच्या आधीच गेली होती. तिचा नवरा बहिरू त्या बाळाला फडक्यात गुंडाळून घेऊन आला आणि मातीत ठेवून, मागे न बघता गेला. इथे कुणाच्याही मातीवर दगड नाही, नाव नाही. काही दिवसांनी चंद्राबाई आली. तिने बांधावरून रानहळदीचा एक गड्डा उकरून आणला आणि त्या जागी लावला. श्रावणात तिथे गुलाबी तुरे उभे राहिले. पुढे दर पावसाळ्यात ते वाढत गेले. चंद्राबाई यायची, पानांवरून हात फिरवायची आणि जायची.

नंतर तिला शेखर झाला. बहिणीबद्दल त्याला कुणी सांगितले नाही. असले विषय घरात काढायची रीत नव्हती.

मग दिवस बदलले. बाळे दवाखान्यात जन्मू लागली आणि जगू लागली. ही फार चांगली गोष्ट झाली. पण मला कुणी विचारीनासे झाले. एका पावसात माझी एक बाजू ढासळली, ती कुणी पुन्हा रचली नाही. पडलेले दगड लोकांनी गोठ्याच्या पायाला नेले. त्या खिंडारातून म्हशी आत शिरू लागल्या. गावाजवळचे धरण बघायला आलेली माणसे तिथे बाटल्या टाकू लागली. मी नुसता बघत राहिलो. ज्यासाठी मला उभे केले, तेच मला जमत नव्हते.

यंदाच्या उन्हाळ्यात शेखरने आपला वरचा उतार शहरातल्या एकाला फार्महाऊससाठी विकला. तिकडे गाडी जायला वाट हवी होती. सगळ्यात सरळ वाट माझ्यातून जात होती. एके सकाळी वाल्मीक नावाचा चालक जेसीबी घेऊन आला.

"आत काय हाय, भाऊ?" त्याने विचारले.

"काय न्हाई," शेखर म्हणाला. "जुनी माती हाय, आता कोण येतंय हितं? नुसतं वाळकं गवात. घे सरळ."

गवताबद्दल तो खोटे बोलत नव्हता. रानहळद उन्हाळ्यात जमिनीवर दिसतच नाही. पाने वाळून जातात आणि गड्डे मातीत झोपून राहतात. यंत्राने माझा मोठा तुकडा उचलून बाजूला टाकला. मुंगूस पिल्लांना घेऊन पळाले. आंबा आडवा झाला. मग दाते मातीत गेले आणि पिवळे गड्डे उघड्यावर आले.

तेवढ्यात यंत्राचा आवाज ऐकून चंद्राबाई धावत आली. आता ती म्हातारी झाली आहे. पायात चप्पल नव्हती. यंत्राच्या समोरच ती खाली बसली आणि एकेक गड्डा पदरात भरू लागली.

"आये, ऊठ की! काय येचतीयास? मशीन खोळंबलंय."

"खोळंबू दे."

"अगं, हळद पायजे तर बाजारातनं आणतो."

चंद्राबाईने वर पाहिले नाही. "तुजी थोरली भन हाय हितं," ती म्हणाली.

वाल्मीकने यंत्र बंद केले. खाली उतरून त्याने चपला काढल्या आणि तो लांब जाऊन उभा राहिला.

"कदी बोलली न्हाईस," शेखर म्हणाला.

"काय बोलायचं? नावबी न्हवतं तिला."

मित्रांनो, इतकी वर्षे तिने जे माझ्या आड झाकून ठेवले, ते तिला परक्या माणसासमोर, डिझेलच्या धुरात बोलावे लागले. मी धड उभा असतो तर ही वेळ तिच्यावर आली नसती. त्या दिवशी मला माझे उरलेले दगडही नकोसे झाले.

शेखरने वाट थांबवली. फार्महाऊसवाला चिडला, तेव्हा त्याने खालून, स्वतःच्या भाताच्या खाचरातून रस्ता दिला. मग तो रोज संध्याकाळी येऊन मला रचू लागला. त्याला रचता येत नव्हते. मी दोन वेळा कोसळलो. आता उभा आहे, पण वाकडा. मुंगूस परत आले नाही. पिंगळ्यांना ढोलीच राहिली नाही.

यंत्राने गड्डे मातीत पसरवले होते, म्हणून श्रावणात गुलाबी तुरे आले ते सगळीकडे विखरून. शेखर आईला घेऊन आला होता.

"आये, नेमकी कुटं होती गं ती?"

चंद्राबाई बराच वेळ इकडून तिकडे बघत राहिली. "आता न्हाई कळायचं," ती म्हणाली.

शेखर मान खाली घालून तिच्याजवळ बसला. त्याच्याकडे बघायचे धाडस मला झाले नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही अशी एखादी जागा असेल, जिथे गवत माजले आहे आणि कुणी जात नाही. तिला मोकळी म्हणण्याआधी एक पावसाळा थांबा, काय उगवते ते पाहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. शेखरनेही विचारले, पण त्याला फार उशीर झाला होता.